वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हरमधून झिरपणारी मेमरी

ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण चालवणारा, कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत धावणारा कोड. त्यातून कर्नेलची मेमरी बाहेर जाते त्या माहितीगळतीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथं उत्तरं देत आहोत. आज्ञा आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टंकताना अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टंकायची.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी लिनक्सवर छोटा कॅरेक्टर ड्रायव्हर लिहिला आहे. आयओसीटीएल (प्रोग्रॅमनं ड्रायव्हरला दिलेली आज्ञा) आली की तो एक स्ट्रक्चर भरतो आणि कॉपी_टू_यूजरनं, म्हणजे कर्नेलमधून यूजरच्या प्रोग्रॅमकडे बाइट नेणाऱ्या फंक्शननं, परत देतो. स्ट्रक्चरमध्ये क्रमानं चार फील्ड आहेत : एका बाइटची स्थिती, ३२ बिटांचा काउंटर, १६ बिटांचे फ्लॅग आणि ६४ बिटांची वेळ. चारही मी भरते. तरी परीक्षक म्हणाले की यातून कर्नेलची मेमरी बाहेर जाते. न भरलेलं काहीच नसताना जातं काय?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : परीक्षकांचं बरोबर आहे. चार फील्डची बेरीज १५ बाइट होते; पण ६४ बिटांच्या मशिनवर या स्ट्रक्चरचा साइझऑफ (एकूण आकार) छापून पाहा, २४ येईल. मधले ९ बाइट कंपायलरनं घातलेत. ३२ बिटांचा काउंटर ४ च्या पटीतल्या जागेवर हवा, म्हणून स्थिती बाइट ० वर गेल्यावर १ ते ३ हे बाइट रिकामे सुटतात. काउंटर ४ ते ७ वर, फ्लॅग ८ आणि ९ वर. वेळेला ८ च्या पटीतली जागा लागते, म्हणून १० ते १५ पुन्हा रिकामे आणि वेळ १६ ते २३ वर. कॉपी_टू_यूजरला फील्ड वगैरे काही कळत नाही. त्याला २४ बाइट सांगितले की तो २४ बाइट उचलतो, रिकाम्या जागांसकट.

रिकाम्या म्हणजे शून्य नव्हेत. तुमचं स्ट्रक्चर फंक्शनच्या आत जाहीर केलेलं असणार, म्हणजे ते कर्नेलच्या स्टॅकवर, फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत, आहे. एक्स८६-६४ वर प्रत्येक थ्रेडचा हा स्टॅक १६ केबीचा असतो आणि त्या थ्रेडचे सगळे सिस्टिम कॉल आळीपाळीनं तीच जागा वापरतात. आधीच्या कॉलनं तिथं ठेवलेले परतीचे पत्ते, पॉइंटर, एखाद्या बफरचा तुकडा तसाच पडून असतो. तोच तुमच्या ९ बाइटांतून बाहेर जातो.

उपाय एका ओळीचा : स्ट्रक्चर जाहीर केल्यावर लगेच मेमसेटनं पूर्ण साइझऑफ एवढी जागा शून्य करा आणि मगच फील्ड भरा. पाटी पुसून लिहायचं, एवढंच. स्ट्रक्चरसाठी केमॅलॉकनं मेमरी मागून घेतली असेल तर त्याजागी ती शून्य करून देणारं केझॅलॉक वापरा.

इथं बरेच जण एक चूक करतात. जाहीर करतानाच महिरपी कंसात शून्य लिहून समाधान मानतात. त्यानं सगळे फील्ड शून्य होतात हे खरं; पण मधल्या पॅडिंगबद्दल, म्हणजे त्या रिकाम्या बाइटांबद्दल, सी भाषेचं प्रमाणक तशी हमी देत नाही. एक कंपायलर सगळी जागा पुसेल, दुसरा ऑप्टिमायझेशनच्या वेगळ्या पातळीवर फक्त फील्ड पुसेल. तुमच्या मशिनवर गळती दिसली नाही म्हणून ती नाहीच असं समजू नका.

फील्डचा क्रम बदलूनही भोकं कमी होतात. वेळ, काउंटर, फ्लॅग, स्थिती असा मोठ्याकडून छोट्याकडे क्रम लावला तर साइझऑफ १६ होतो आणि शेवटी एकच बाइट मोकळा उरतो. तो मात्र उरतोच. तिथं 'रिझर्व्ह्ड' नावाचा एक बाइट स्वतः जाहीर करून शून्य करा. प्रोजेक्ट नवा आहे तोवरच हे करून घ्या. ड्रायव्हर वापरणारे प्रोग्रॅम एकदा बाहेर पडले की क्रम बदलणं म्हणजे ते सगळे मोडणं. पॅक्ड हा पर्याय पुस्तकांत दिसेल, त्यानं भोकं जातात. पण फील्ड अडनिड्या पत्त्यांवर बसतात आणि काही प्रोसेसरांवर त्याचा त्रास होतो. आमच्या मते तो शेवटचा पर्याय.

भोकं डोळ्यांनी शोधू नका. ड्वार्व्ह्ज या पॅकेजमध्ये पाहोल नावाचं साधन येतं. डीबग माहितीसकट बांधलेल्या मॉड्यूलवर ते चालवलं की प्रत्येक स्ट्रक्चरमधलं प्रत्येक भोक, किती बाइटांचं आणि कोणत्या फील्डनंतर, हे सांगतं.

जाता जाता तुमच्या ड्रायव्हरमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. किती बाइट पाठवायचे हा आकडा यूजरकडून येतो का? येत असेल तर तो आकडा आणि साइझऑफ यांतला लहान घ्या. यूजरनं ४०९६ मागितले आणि तुम्ही तेवढे कॉपी केले, तर स्ट्रक्चरच्या पलीकडची मेमरीही जाईल. मग मेमसेट करून काही उपयोग नाही.

प्रश्न : सुरक्षा अहवालात 'ड्रायव्हरमधून ४ बाइट स्टॅक मेमरी उघड' असं वाचलं. चार बाइटांत कुणाचा पासवर्डही मावत नाही. याला एवढं महत्त्व का?
— सॉफ्टवेअर टेस्टर, डोंबिवली

उत्तर : पासवर्ड मावत नाही, पण पत्ता मावतो. हल्लेखोराला बहुतेक वेळा पत्ताच हवा असतो.

आधी खरी उदाहरणं घेऊ. सप्टेंबर २०१० मध्ये डॅन रोझेनबर्ग यांनी लिनक्सच्या तीन नेटवर्क ड्रायव्हरांतल्या गळत्या बुजवणारे पॅच दिले. चेल्सिओ कार्डांच्या सीएक्सजीबी३ मध्ये स्ट्रक्चरचा 'पत्ता' हा फील्ड कुणी भरतच नव्हतं, तिथून ४ बाइट जात. ईक्यूएल ड्रायव्हरमध्ये नावासाठी ठेवलेले १६ बाइट न भरता जात. एचएसओ या यूएसबी मोडेमच्या ड्रायव्हरमध्ये सिरियल पोर्टची आकडेवारी देणाऱ्या स्ट्रक्चरच्या शेवटी 'रिझर्व्ह्ड' म्हणून नऊ पूर्णांक राखून ठेवलेले आहेत. ते ३६ बाइट तसेच बाहेर. तिन्ही ठिकाणी साध्या यूजरला हे वाचता येत होतं आणि तिन्ही ठिकाणी दुरुस्ती म्हणजे मेमसेटची एक ओळ.

आता चार बाइटांचा हिशेब. एक्स८६-६४ वर लिनक्स कर्नेलचा कोड पत्त्यांच्या पटावर अगदी वरच्या २ जीबीत बसतो, त्यामुळं त्याच्या कोणत्याही पत्त्याचे वरचे ३२ बिट सगळे १ असतात. ते ठाऊकच आहेत. कळायचे राहतात ते खालचे ३२ बिट, म्हणजे नेमके चार बाइट.

कर्नेल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर चढवण्याची युक्ती, म्हणजे केएएसएलआर, लिनक्समध्ये २०१४ साली ३.१४ या आवृत्तीत आली आणि २०१७ च्या ४.१२ पासून एक्स८६ वर आपोआप चालू असते. १ जीबीच्या पट्ट्यात २ एमबीच्या पायऱ्या धरल्या तर जागा होतात जास्तीत जास्त ५१२. हा आकडा लहान वाटतो; पण अंदाज चुकला की कर्नेल कोसळतो, मशिन बंद पडतं आणि कुणाच्या तरी लक्षात येतं, म्हणून एवढंही पुरतं. गळलेल्या एका पत्त्यातून त्या फंक्शनचं ठरलेलं अंतर वजा केलं की ५१२ पैकी नेमकी जागा हातात येते. अंदाज बांधायची गरजच संपते.

शिवाय भोकात योगायोगानं काय पडलंय याची वाट हल्लेखोर पाहत बसत नाही. आधी असा एखादा सिस्टिम कॉल करायचा जो स्टॅकवर नेमक्या त्या जागी पॉइंटर ठेवून परततो, आणि लगेच गळकी आयओसीटीएल करायची. स्टॅकच्या रक्षणासाठी ठेवलेला गुप्त आकडाही असाच मिळवता येतो.

प्रत्यक्ष हल्ल्यात हे कसं बसतं त्याचा दाखला डिसेंबर २०२२ चा. सॅमसंगच्या ब्राउझरवर चालणारी, एसएमएसमधल्या लिंकमधून संयुक्त अरब अमिरातीतल्या फोनांवर सोडलेली हल्ल्याची साखळी गूगलच्या पथकाला सापडली आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी ती जाहीर केली. साखळीत अनेक त्रुटी होत्या. त्यातली एक, सीव्हीई-२०२३-२६०८३ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा क्रमांक), आर्मच्या माली ग्राफिक्स ड्रायव्हरमधली केवळ माहितीगळती. अशा त्रुटीला एकटीला पाहिलं तर तीव्रतेचे गुण कमी मिळतात, म्हणून पॅच मागे पडतो. तुम्ही टेस्टर आहात, तर ड्रायव्हरमधली गळती 'कमी तीव्रता' म्हणून ढकलू नका, एवढी विनंती.

प्रश्न : आमच्याकडे गाड्यांच्या चाचणीसाठी यूएसबीवर चालणारे कॅन-बस (गाडीतल्या नियंत्रकांना जोडणारं नेटवर्क) अ‍ॅडॉप्टर लिनक्स लॅपटॉपला जोडतात. ड्रायव्हर यूजरला माहिती देतो हे समजलं. पण जोडलेल्या यंत्राकडेही माहिती जाऊ शकते का?
— चाचणी विभागातील अभियंता, चाकण

उत्तर : जाते, आणि नेमकं तुमच्याच प्रकारच्या अ‍ॅडॉप्टरचं उदाहरण आहे. पीक कंपनीच्या यूएसबी अ‍ॅडॉप्टरांचा लिनक्स ड्रायव्हर यंत्राला आज्ञा पाठवताना दर वेळी १६ बाइटांचा बफर पाठवत असे. आज्ञेसोबत काही मजकूर नसेल तेव्हा त्यातले पहिले दोनच बाइट भरलेले असत. उरलेले १४ म्हणजे कर्नेलच्या हीपवर (केमॅलॉक जिथून मेमरी देतं तिथं) आधी जे होतं ते. दुरुस्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली : केमॅलॉकऐवजी केझॅलॉक. क्रमांक सीव्हीई-२०१९-१९५३४, आणि ५.३.११ पासूनचे कर्नेल सुरक्षित.

मूळ कंपनीचं अ‍ॅडॉप्टर हे जादाचे बाइट फेकून देतं. धोका असतो तो त्या अ‍ॅडॉप्टरचीच ओळख सांगून जोडलेल्या बनावट यंत्राचा. चाचणीच्या लॅपटॉपांवर 'चालतंय ना, हात लावू नका' म्हणून वर्षानुवर्षं एकच कर्नेल ठेवायची पद्धत आहे. तिथं यूनेम -आर ही आज्ञा चालवून आवृत्ती पाहा. मात्र वितरक जुन्याच क्रमांकावर दुरुस्त्या मागे आणतात, त्यामुळं फक्त आकड्यावर जाऊ नका. पॅकेजच्या बदलयादीत हा सीव्हीई शोधा.

प्रश्न : कॉलेजच्या नेटवर्कचं स्कॅनिंग करून घेतलं. अहवालात दोन प्रिंटर आणि एका जुन्या सर्व्हरसमोर 'इथरलीक' लिहिलंय, क्रमांक २००३ चा. एवढी जुनी गोष्ट खरी असेल का, की स्कॅनरची चूक? स्वतः कसं तपासावं?
— नेटवर्क व्यवस्थापक, नाशिक

उत्तर : दोन्ही शक्य आहे, म्हणून तपासलेलंच बरं.

जानेवारी २००३ मध्ये ॲटस्टेक या कंपनीच्या ओफिर आर्किन आणि जॉश अँडरसन यांनी ही त्रुटी मांडली. क्रमांक सीव्हीई-२००३-०००१, त्या वर्षाचा अगदी पहिला. इथरनेटची चौकट शेवटचे ४ तपासणी-बाइट धरून किमान ६४ बाइटांची लागते. ते ४ आणि १४ बाइटांचा हेडर वजा जाता आतला मजकूर किमान ४६ बाइट हवा. त्याहून छोटा असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची. अनेक ड्रायव्हर ती भरतच नसत. चौकटीची लांबी ६० सांगून मोकळे होत, आणि कार्ड बफरमध्ये पुढं जे पडलं असेल तेच पाठवून देई : आधीच्या पॅकेटचा तुकडा, नाहीतर कर्नेलची मेमरी.

तपासण्यासाठी त्याच स्विचवरचा, त्याच व्हीलॅनमधला (नेटवर्कच्या त्याच आभासी विभागातला) लिनक्स लॅपटॉप घ्या. मध्ये राउटर आला की तो नवी चौकट बांधतो आणि मूळ पॅडिंग तिथंच गळून पडतं. एका खिडकीत टीसीपीडंप -एक्सएक्स हा पर्याय देऊन, फक्त त्या प्रिंटरचे आयसीएमपी (पिंग वापरतो ते) पॅकेट पकडायला लावा. दुसऱ्या खिडकीत पिंग -एस १ -सी ५०. एक बाइट मजकूर, ८ बाइट आयसीएमपी, २० बाइट आयपी मिळून २९ होतात. म्हणजे प्रत्येक उत्तराच्या शेवटी १७ बाइट पॅडिंग आलं पाहिजे. एवढ्या छोट्या मजकुरात पिंगला वेळेची नोंद ठेवायला जागा नसते, म्हणून तो मिलिसेकंद छापत नाही. त्यानं गोंधळू नका.

शेवटचे १७ बाइट पाहा. सगळी शून्यं असतील तर स्कॅनर चुकला. शून्य नाहीत पण पन्नासही उत्तरांत एकच ठरलेला नमुना आहे, तरी गळती नाही. भरण्याची पद्धत वेगळी, इतकंच. दर उत्तरात बाइट बदलत असतील, त्यात वेबपानाचे किंवा छापलेल्या कागदाच्या मजकुराचे तुकडे दिसत असतील, तर अहवाल खरा. प्रिंटरवर कुणी काही छापत असताना ही चाचणी घ्या, निष्क्रिय प्रिंटरच्या बफरमध्ये नवं फारसं काही येत नाही. आणि हो, फक्त आलेली उत्तरं पाहायची. तुमच्या लॅपटॉपवरून गेलेल्या पॅकेटांत पॅडिंग दिसणार नाही, कारण टीसीपीडंप ते पकडतो तेव्हा ते घातलेलंच नसतं.

सर्व्हरवर कर्नेल किंवा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत केला की काम होतं. लिनक्समध्ये तेव्हाच एसकेबी_पॅडटू हे शून्य भरणारं फंक्शन आणून ड्रायव्हर दुरुस्त केले गेले. प्रिंटरचं फर्मवेअर मिळत असेल तर चढवा. कंपनीनं ते देणं थांबवलं असेल तर प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका आणि तिथं प्रिंट सर्व्हरखेरीज कुणाला जागा देऊ नका. हल्लेखोर त्याच लॅनवर असावा लागतो, म्हणून एवढं पुरतं. विद्यार्थ्यांचं वायफाय आणि कार्यालयाचा प्रिंटर एकाच व्हीलॅनमध्ये असेल तर मात्र आजच हलवा.

प्रश्न : आमच्या मशिन-कंट्रोल कार्डाचा विंडोज ड्रायव्हर जुना आहे. आयओसीटीएल सगळ्या मेथड-बफर्ड प्रकारच्या. त्या सुरक्षित असतात असं ऐकलंय. मग गळतीसाठी काय तपासायचं?
— ड्रायव्हर डेव्हलपर, पुणे

उत्तर : मेथड-बफर्ड यूजरच्या पॉइंटरपासून वाचवते, गळतीपासून नाही. या पद्धतीत आयओ मॅनेजर इनपुट आणि आउटपुट यांतल्या मोठ्या लांबीएवढा एक बफर घेतो, त्यात यूजरचं इनपुट उतरवतो आणि तोच बफर तुम्हाला देतो. इनपुटच्या पुढची जागा शून्य असेल असं कधीही धरू नका. काम संपल्यावर आयओस्टेटसच्या 'इन्फर्मेशन' या फील्डमध्ये तुम्ही जो आकडा लिहिता, तेवढे बाइट यूजरकडं जातात.

जुन्या कोडमध्ये नेहमी सापडणारी ओळ म्हणजे इन्फर्मेशनमध्ये सरळ आउटपुटबफरलेंग्थ टाकणं. यूजरनं ४०९६ बाइटांचा बफर दिला, तुम्ही ३२ भरले, गेले ४०९६. या फील्डमध्ये नेमके लिहिलेले बाइट टाका. सगळ्या कोडमध्ये इन्फर्मेशन शोधून प्रत्येक ठिकाण हातानं पाहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि सगळ्यात जास्त फायदा त्यातच.

परतीचा कोडही महत्त्वाचा आहे. स्टेटस_बफर_टू_स्मॉल ही चूक धरली जाते, त्यामुळं बाइट परत जात नाहीत. स्टेटस_बफर_ओव्हरफ्लो ही फक्त ताकीद. तिच्यासोबत इन्फर्मेशनएवढे बाइट यूजरला मिळतातच. दोघांची अदलाबदल झालेली असेल तर 'चुकीच्या वाटेनं' परतणारा कोडही गळतो.

चाचणीसाठी छोटा प्रोग्रॅम लिहा : इनपुट शून्य किंवा ४ बाइट, आउटपुट ४०९६, प्रत्येक आयओसीटीएल शंभर वेळा. किती बाइट परत आले ते पाहा आणि अपेक्षित लांबीच्या पुढचे बाइट आठ-आठच्या गटांत छापा. गटाचे शेवटचे दोन बाइट दोन्ही २५५ दिसले तर तो बहुधा कर्नेलचा पत्ता. लिटल-एंडियन असल्यानं वरचे बाइट शेवटी येतात. इनपुट मोठं देऊ नका, नाहीतर तुमचाच मजकूर परत येईल आणि खालची गळती झाकली जाईल.

पूल मेमरीसाठी (विंडोज कर्नेलच्या हीपसाठी) एक्सअ‍ॅलोकेटपूलविथटॅग आता कालबाह्य ठरवलेलं आहे. विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून आलेलं एक्सअ‍ॅलोकेटपूल२ मेमरी आपणहून शून्य करून देतं. त्याहून जुन्या विंडोजवर ड्रायव्हर चालवायचा असेल तर एक्सअ‍ॅलोकेटपूलझीरो वापरा. स्ट्रक्चरमधल्या भोकांचा नियम सांगलीच्या वाचकाला दिला तोच. आणि हे फक्त छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांत होतं असं नाही : गूगल प्रोजेक्ट झीरोच्या मातेउश युर्चिक यांनी २०१७-१८ मध्ये बॉक्सप्न रीलोडेड या साधनानं विंडोजच्या कर्नेलमध्ये अशा ७० हून अधिक गळत्या शोधल्या.

प्रश्न : मी प्रोग्रॅमर नाही. ग्राफिक्स कार्डाचा वेग आणि पंखे नियंत्रित करणारं साधन घरच्या पीसीवर आहे. अशा साधनांचे ड्रायव्हर धोकादायक असतात म्हणे?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : काही होते. एमएसआय आफ्टरबर्नर ४.६.२ सोबत येणारा आरटीकोर६४ हा ड्रायव्हर कोणत्याही लॉग-इन केलेल्या यूजरला मेमरी आणि प्रोसेसरचे अंतर्गत रजिस्टर वाचू-लिहू देई (सीव्हीई-२०१९-१६०९८). त्यातल्या एका रजिस्टरमध्ये सिस्टिम कॉल कुठं उतरतो तो पत्ताच असतो, म्हणजे केएएसएलआर तिथंच संपलं. २०२२ मध्ये ब्लॅकबाइट या रॅन्समवेअरनं हाच ड्रायव्हर स्वतःसोबत आणून वापरला. पीसीवर ते साधन नसलं तरी हल्लेखोर ड्रायव्हर घेऊन येतो, हे लक्षात घ्या.

तुमच्यापुरतं काम एवढंच : साधनाची ताजी आवृत्ती घ्या. मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन या वाटेनं जा आणि मेमरी इंटिग्रिटी चालू करा, पीसी पुन्हा सुरू करा. एखादा जुना ड्रायव्हर आडवा येत असेल तर विंडोज त्याचं नाव दाखवतं. तो काढा किंवा अद्ययावत करा. त्याच पानावर धोकादायक ड्रायव्हर अडवणारी यादी आहे, विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून ती आपोआप चालू असते. बंद असेल तर चालू करा.

प्रश्न : एकाच जीपीयूवर दोन टीम भाषा-मॉडेल चालवतात. एकीची माहिती दुसरीला दिसू शकते का?
— डेटा इंजिनिअर, बेंगळुरू

उत्तर : कार्ड कोणतं यावर आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रेल ऑफ बिट्सनं लेफ्टओव्हरलोकल्स ही त्रुटी मांडली (सीव्हीई-२०२३-४९६९). जीपीयूची 'लोकल मेमरी' एक काम संपून दुसरं सुरू होताना पुसली जात नव्हती. दुसऱ्या प्रोसेसनं ती न भरताच वाचली की पहिलीचा हिशेब दिसे. एएमडी रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीवर एका फेरीत सुमारे ५.५ एमबी गळत होती. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल लामा.सीपीपीवर चालवताना एका प्रश्नामागं ती साधारण १८१ एमबी भरली, आणि मॉडेलचं उत्तर पुन्हा जुळवायला एवढं पुरलं. अ‍ॅपल, एएमडी, क्वालकॉम आणि इमॅजिनेशन यांच्या जीपीयूंमध्ये ती सापडली. एनव्हिडिया, इंटेल आणि आर्म यांच्यात नाही.

एएमडी असेल तर ड्रायव्हर अद्ययावत करून थांबू नका : त्यांनी दिलेला पुसण्याचा मोड आपोआप चालू नसतो, व्यवस्थापकानं तो लावायचा असतो. स्वतःच्या जीपीयू कोडच्या शेवटी लोकल मेमरी शून्य करणारी ओळ घालता येते. पण ते लिखाण पुढं कुणी वाचत नाही हे पाहून कंपायलर ती ओळ उडवतो. बांधल्यानंतरचा असेम्ब्ली कोड उघडून ती राहिली आहे का, ते पाहा. संवेदनशील कामासाठी आमचा सल्ला सरळ आहे : दोन टीम, दोन कार्डं.

प्रश्न : केएमसॅन वापरून ड्रायव्हर तपासायचा आहे. सुरुवात कशी करावी आणि त्यातून काय सुटतं?
— एम्बेडेड डेव्हलपर, म्युनिक

उत्तर : केएमसॅन, म्हणजे न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारं साधन, लिनक्स ६.१ पासून मूळ कर्नेलमध्ये आहे. त्याला क्लँग हा कंपायलर १४.०.६ किंवा नवा लागतो, जीसीसी चालत नाही. लक्ष्य एक्स८६-६४ ठेवा. कॉन्फिगमध्ये केएमसॅन आणि डीबग माहिती चालू करून एलएलव्हीएम=१ नं बांधा आणि क्यूएमू या आभासी मशिनमध्ये बूट करा. मेमरीच्या प्रत्येक पानामागं दोन जादा पानं जातात, त्यामुळं ४ जीबी दिली तर तिचा तिसरा हिस्साच कामाला उरतो. उत्पादनात हे वापरायचं नाही.

अहवालाच्या पहिल्या ओळीत 'कर्नेल-इन्फोलीक' आलं तर गळती यूजरकडं, 'कर्नेल-यूएसबी-इन्फोलीक' आलं तर यंत्राकडं. खाली २४ पैकी १ ते ३ बाइट न भरलेले, असं नेमकं लिहिलेलं असतं आणि ती जागा कोणत्या फंक्शनमध्ये जन्मली तेही. चाकणच्या प्रश्नातली गळती या दुसऱ्या प्रकारातली.

सुटतं ते असं. जो कोड चाललाच नाही, तो तपासला गेला नाही. म्हणून सिझकॉलरसारखा फझर (नाना तऱ्हेचे कॉल आपोआप करत राहणारं साधन) जोडावा. दुसरं जास्त फसवं आहे. डीएमएनं, म्हणजे यंत्रानं थेट मेमरीत लिहून, आलेला बफर केएमसॅन पूर्ण भरलेला धरतो, कारण यंत्रानं किती लिहिलं ते त्याला दिसत नाही. यंत्रानं ५१२ ऐवजी २० बाइट पाठवले आणि ड्रायव्हरनं ५१२ पुढं दिले, तर केएमसॅन गप्प राहील. यूएसबी ड्रायव्हरमध्ये कॉपीची लांबी यूआरबीच्या (एका यूएसबी देवाणघेवाणीच्या नोंदीच्या) अ‍ॅक्च्युअल_लेंग्थवरून घेतली आहे का, हे हातानंच पाहावं लागतं.

ग्राहकाला द्यायच्या कर्नेलमध्ये इनिट_ऑन_अ‍ॅलॉक (मेमरी देतानाच शून्य करणारा) आणि स्टॅक शून्य करणारा पर्याय चालू ठेवा. कर्नेलच्याच मदत-मजकुरात पहिल्याची किंमत बहुतेक कामांत १ टक्क्याहून कमी आणि कृत्रिम चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत दिली आहे. इनिट_ऑन_फ्रीची (मेमरी परत घेताना शून्य करणाऱ्याची) ३ ते ५ टक्के. आम्ही पहिले दोन घेऊ आणि तिसरा सोडू. केएमसॅनच्या बांधणीत हे पर्याय बंदच असतात, कारण सगळं आधीच शून्य झालं तर शोधायला काही उरत नाही.

प्रश्न : ड्रायव्हरच्या लॉगमध्ये मेमरीचे पत्ते दिसतात. हीदेखील गळतीच ना?
— सिस्टिम अ‍ॅडमिन, पणजी

उत्तर : लिनक्स ४.१५ पासून टक्का-पी या छपाईच्या खुणेनं छापलेला पत्ता मुळात खरा नसतो, त्याचा हॅश (त्यापासून काढलेला वेगळाच आकडा) असतो. टक्का-पीएक्स मात्र खराच छापतो. ड्रायव्हरच्या कोडमध्ये तो शोधून काढा. सर्व्हरवर सिसकंट्रोलमध्ये कर्नेल.डीमेसग_रिस्ट्रिक्ट १ आणि कर्नेल.केपीटीआर_रिस्ट्रिक्ट २ ठेवा. लॉगच्या ज्या प्रती फाइलीत जातात त्यांच्या परवानग्याही पाहा. सॅमसंगच्या काही फोनांवर कर्नेलच्या लॉगची प्रत अ‍ॅपला वाचता येईल अशा ठिकाणी पडत होती आणि तिच्यातले पत्ते हल्ल्यात वापरले गेले. सीव्हीई-२०२१-२५३६९, पॅच मार्च २०२१ चा.

प्रश्न : एका ड्रायव्हरमध्ये खरी गळती सापडली आहे. कुठं आणि कशी कळवायची?
— विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ड्रायव्हर मूळ लिनक्समधला असेल तर त्या भागाच्या मेंटेनरांना (तो कोड सांभाळणाऱ्यांना) आणि कर्नेलच्या सुरक्षा-यादीला साध्या मजकुराच्या ईमेलनं. नावं गेट_मेंटेनर या स्क्रिप्टमधून मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नेलचा चमू सीव्हीई क्रमांक स्वतःच देतो, त्यासाठी वेगळी खटपट नको. कंपनीचा बंद ड्रायव्हर असेल तर त्या कंपनीच्या सुरक्षा विभागाला. उत्तर आलं नाही तर सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडं कळवा, ते मध्यस्थी करतात आणि क्रमांकही देऊ शकतात.

पत्रात कर्नेलची किंवा ड्रायव्हरची नेमकी आवृत्ती, कोणती आयओसीटीएल, कोणते बाइट गळतात, उपकरणाची फाइल उघडायला कोणती परवानगी लागते आणि चाचणीचा छोटा कोड द्या. पॅच जोडलात तर काम लवकर होतं. गळलेल्या मेमरीचा कच्चा डंप मात्र तसाच जोडू नका. त्यात तुमच्याच मशिनवरचा एखादा पासवर्ड किंवा किल्ली असू शकते. दोन-तीन ओळी ठेवा आणि बाकीचे बाइट झाका.